लॉक लावला आणि गाडी आडवी झाली: बर्फातल्या पिकअपबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बर्फातल्या ड्रायव्हिंगवर दोन पानं लिहिली होती, त्यात डिफरन्शियल लॉकबद्दल (डिफरन्शियल म्हणजे एकाच एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच, लॉक ती मोकळीक बंद करतो) एकच ओळ होती, "जपून वापरा". त्या एका ओळीवर जितकी पत्रं आली तितकी बाकीच्या दोन पानांवर मिळून नाही आली. चूक माझीच आहे, "जपून वापरा" म्हणजे काहीच न सांगितल्यासारखं. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीय.

प्रश्न: दादा नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड फोर बाय फोर पिकअप घेतली, मागच्या एक्सलला लॉक आहे, डॅशबोर्डवर बटण आहे. पहिलाच बर्फ पडला तर म्हटलं आता बघू याची कमाल. गाडी रिकामी होती, टू व्हीलमध्येच (जोर फक्त मागच्या चाकांना) होती, रस्त्यावर दाबून घट्ट झालेला बर्फ, थोडासा चढ, आणि रस्ता उजवीकडे जरासा उतरता. लॉक लावला, वीस-पंचवीसच्या स्पीडला होतो, थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला तर मागची बाजू सरळ उजवीकडे सरकायला लागली आणि हळूहळू नालीत जाऊन बसली. गंमत म्हणजे त्याच रस्त्यावर आदल्या दिवशी लॉक न लावता गेलो होतो, एक चाक फिरत होतं, कुरकुर करत होतं पण गाडी गेली! मेकॅनिक म्हणतो लॉक एकदम ओके आहे. मग बिघडलंय काय?

उत्तर: काहीच बिघडलं नाहीये, लॉकने त्याचं काम केलं म्हणूनच गाडी नालीत गेली. चिडू नका, नीट सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचे निम्मे प्रश्न विचारायची गरजच नाही.

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं. लोक म्हणतात ते "सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते", तसं नसतं ते. फिरणाऱ्या चाकाला फिरायला जेवढा थोडा जोर पुरतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, त्याहून जास्त मिळत नाही. आकड्यात बघा. समजा रिकामी पिकअप २००० किलोची आहे. रिकाम्या पिकअपचं वजन पुढेच जास्त असतं, मागच्या एक्सलवर साधारण ४० टक्के धरा, म्हणजे ८०० किलो, एकेका चाकावर ४००. एक चाक काचेसारख्या बर्फावर आहे, तिथे घर्षण ०.१ धरलं तर ते चाक फार फार तर ४० किलोचा रेटा देणार. दुसरं दाबलेल्या बर्फावर आहे, तिथे ०.२५ धरा, म्हणजे ते १०० किलो देऊ शकतं. पण साध्या डिफरन्शियलमध्ये त्यालाही ४०च मिळतात, एकूण ८०. पाच टक्के चढावर नुसतं वजन वर ओढायलाच १०० किलो लागतात, म्हणजे गाडी जागेवर. लॉक लावला की दोन्ही चाकं एका दांड्याला जोडल्यासारखी एकाच वेगाने फिरतात, मग ज्याला जितकी पकड आहे तितका तो रेटा देतो, ४० अधिक १००, म्हणजे १४०, आणि गाडी निघते. लॉकची कमाल ती एवढीच.

आता यातली गोम बघा. दोन्ही चाकांखाली सारखाच काचेसारखा बर्फ असेल तर? ४० आणि ४०, एकूण ८०. लॉक असो नाहीतर नसो, आकडा तोच. म्हणजे सगळीकडे सारखं निसरडं असेल तिथे लॉकचा फायदा शून्य, पण तोटा मात्र पूर्ण मिळतो, आणि तो तोटाच तुम्हाला नालीत घेऊन गेला.

टायरकडे पकड एकच असते, ती पुढे ढकलायला वापरा, ब्रेकला वापरा नाहीतर आडवं न सरकण्यासाठी वापरा, तिजोरी एकच. चाक जागेवर गरगर फिरायला लागलं की तिजोरी रिकामी, मग ते कुठल्याही बाजूला सरकतं, त्याला दिशाच राहत नाही. आदल्या दिवशी तुमचं एक चाक फिरत होतं पण दुसरं शांतपणे घरंगळत होतं, त्याची पकड शिल्लक होती, आणि त्या बिचाऱ्या चाकाने मागची बाजू धरून ठेवली होती. तुम्हाला वाटलं की ते चाक काहीच करत नाहीये. दुसऱ्या दिवशी लॉक लावलात, अ‍ॅक्सिलरेटर दिला, दोन्ही चाकं एकदम सुटली, धरून ठेवणारं कुणी राहिलंच नाही, आणि रस्ता ज्या बाजूला उतरता त्या बाजूला गाडी गेली. कधीही आडव्या उतारावर हेच होणार.

त्यात गाडी टू व्हीलमध्ये. फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा) लावलं असतं तर पुढच्या १२०० किलोचाही उपयोग झाला असता आणि लॉकची गरजच पडली नसती. क्रम असा ठेवा की आधी फोर-हाय, मग हळू, आणि तरीही अडलात तरच लॉक. फक्त एक, मध्येच रस्ता कोरडा लागला की फोर-हाय काढा, पार्ट-टाइम सिस्टीममध्ये (गरजेपुरतीच चारही चाकं जोडणारी) पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात आणि कोरड्यावर वळताना सगळं आवळून बसतं.

अजून एक, आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो ना त्याने पण घोळ होतो. ताजा भुसभुशीत वेगळा, गाड्यांनी दाबलेला वेगळा, आणि वितळून परत गोठलेला काचेसारखा तर भलताच वेगळा. सगळ्यात वाईट म्हणजे शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्यापेक्षा पुष्कळ बरा धरतो. म्हणजे ऊन पडलं, जरा थंडी कमी झाली, बरं वाटायला लागलं की जास्त सांभाळायचं.

प्रश्न: मग लॉक नक्की कधी दाबायचा? आणि बटण दाबलं की दिवा लुकलुकत राहतो, लागला का नाही तेच कळत नाही.

उत्तर: निघण्यासाठी दाबायचा, जाण्यासाठी नाही. पार्किंगमधून बाहेर काढताना, एक चाक खड्ड्यात आणि एक बर्फाच्या ढिगावर असेल तेव्हा, रस्ता साफ करताना कडेला लोटलेल्या बर्फाचा बांध ओलांडताना, खोल चाकोरीतून सरळ जाताना. थोडक्यात दोन चाकांखाली वेगवेगळी जमीन आहे, वेग चालण्याइतका आहे आणि दिशा सरळ आहे, तेव्हा. निघालात की वीस-तीस मीटरवर बंद. बऱ्याच गाड्यांत ठराविक वेगाच्या वर तो आपोआप सुटतो आणि काही गाड्यांत फक्त फोर-लो (चारही चाकांना जोर, पण वेग कमी) मध्येच लागतो, तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडून ते एक पान वाचाच, कंटाळा करू नका.

लावताना गाडी थांबलेली किंवा अगदी रांगत असावी आणि चाक फिरत नसावं. हे महत्त्वाचं आहे कारण आत बहुतेक ठिकाणी दातात दात बसतात. एक चाक जोरात फिरतंय, दुसरं थांबलंय आणि तुम्ही बटण दाबलं तर ते दात एकदम आदळणार, मग दात तुटतील नाहीतर एक्सल. अडकल्यावर भरपूर रेस करून झाल्यावर लॉक आठवणारे खूप आहेत. आधी पाय काढा, चाक थांबू द्या, मग बटण.

दिवा लुकलुकतोय म्हणजे "ऐकलं, पण अजून दात बसले नाहीत". दातासमोर खाच यायला दोन्ही चाकांत थोडासा फरक पडावा लागतो, तर एकदम हळू हात-दोन हात पुढे घ्या, स्टेअरिंग किंचित डावीउजवीकडे करा. दिवा स्थिर झाला की बसला. कडाक्याच्या थंडीत डिफरन्शियलचं तेल घट्ट होतं, त्यामुळे सकाळी सकाळी वेळ जास्त लागतो. हवेवर चालणारा लॉकर असेल तर पाइपातला ओलावा गोठूनही अडतो, थंडी सुरू व्हायच्या आधी ती लाइन कोरडी करून घ्या.

आणि लॉक लागला की बाकीचे पण दिवे पेटतात, घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी आडवी होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक गरगरू न देणारं) बंद होतं, काहींत एबीएससुद्धा. म्हणजे तुमचे राखणदार सुट्टीवर गेलेत हे गाडी तुम्हाला सांगतेय.

प्रश्न: लॉक लावून उतार उतरला तर गाडी जास्त कंट्रोलमध्ये राहते ना?

उत्तर: नाही. ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच आहेत, लॉकने त्यात काही भर पडत नाही. उलट उतारावर अचानक अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलात की इंजिन दोन्ही मागच्या चाकांना एकदमच मागे ओढतं, दोन्ही एकत्र घसरतात आणि मागची बाजू पुढे यायला बघते. लो गिअर, फोर बाय फोर असेल तर ते, लॉक बंद, आणि पाय हळू. दाबायचा पण हळू आणि काढायचा पण हळू.

प्रश्न: माझ्या पिकअपच्या कागदावर लॉकिंग डिफरन्शियल लिहिलंय पण बटण कुठेच नाही. बर्फात वळणावर मागून "टक" असा आवाज येतो आणि गाडी एक हलकी उडी मारल्यासारखी बाजूला होते. हे काय प्रकरण आहे? काढून टाकू का?

उत्तर: बटण नाही म्हणजे आपोआप लागणारा असणार, पण त्यातही दोन-तीन जाती आहेत आणि बर्फात त्यांचे स्वभाव अगदी वेगळे, म्हणून आधी ओळख पटवून घेऊ.

एक जात अशी की एरवी साध्या डिफरन्शियलसारखी शांत असते आणि दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की लागते. जीएमच्या (जनरल मोटर्स) पिकअपमध्ये १९७३ पासून येणारा ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर या जातीचा. त्याच्यात एक छोटा गव्हर्नर (वेगावर चालणारा भाग) असतो, दोन्ही चाकांत मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो लॉक ओढतो, आणि ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग गेला की लागतच नाही. बर्फातल्या माणसाला हा बरा, कारण स्पीडला गप्प राहतो. याला मारायचा एकच मार्ग आहे, एक चाक फिरतंय म्हणून अजून रेस, अजून रेस, आणि मग तो त्या वेगात धाडकन लागतो. कित्येकांचे याच सवयीने फुटलेत, लोक लॉकरला शिव्या देतात. हळू द्या, एक-दोन फेऱ्यांत तो आपला आपण लागतो.

दुसरी जात उलटी, डेट्रॉइट लॉकरसारखी. हा मुळातच लॉक असतो आणि वळताना बाहेरच्या चाकाला पुढे पळू देण्यापुरता सुटतो, तीच तुमची टकटक. वळणावर सुटलेला असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दिला की परत लागतो, कोरड्यावर हा नुसता झटका असतो, बर्फावर मात्र त्या झटक्यात दोन्ही चाकं सुटतात आणि मागची बाजू पाऊलभर बाजूला जाते. तुमचं वर्णन ऐकून मला हाच वाटतो. काढून टाकायची घाई नको. पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) लांब असतो त्यामुळे झटका सावकाश येतो, आखूड जीपसारखा नाही. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकाच जागी धरा, देणं नाही, सोडणं नाही, आणि गाडी सरळ झाल्यावरच द्या. मी अशी गाडी चार हिवाळे चालवली, पहिल्या हिवाळ्यात दोनदा पोटात गोळा आला, नंतर पाय शिकला.

तिसरी जात लिमिटेड स्लिप. हा लॉक नाहीच खरं तर, आत क्लच प्लेटी असतात नाहीतर टॉर्सेनसारखे तिरके गिअर, आणि तो दोन चाकांतला फरक पूर्ण बंद न करता नुसता दाबून धरतो. विकणारे यालाही बिनधास्त लॉकिंग म्हणतात. गिअरवाल्यात अजून एक भानगड आहे, एक चाक पूर्ण हवेत गेलं की त्यातले बरेचसे साध्या डिफरन्शियलसारखेच हात टेकतात, मग थोडा ब्रेक दाबून फसवावं लागतं.

ओळखायचं असेल तर सपाट कोरड्या जागेवर, पुढच्या चाकांना उटी लावून, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर साधं किंवा सध्या न लागलेला लॉक, त्याच दिशेला फिरलं तर लिमिटेड स्लिप किंवा दुसऱ्या जातीचा लॉकर. क्लचवाला फार झिजलेला असेल तर तोही, आणि गिअरवाला तर बऱ्याचदा, उलट फिरवून दाखवतो, म्हणून शंका आली तर कव्हर उघडून बघणंच खरं.

प्रश्न: वळणावर लॉक चालू राहिला तर असा काय मोठा फरक पडतो? बर्फावर तर टायर तसंही घसरतंच ना.

उत्तर: "तसंही घसरतंच" हेच तर नको असतं! हिशोब करा. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २.३६ मीटर जास्त चालतं, वळण लहान घ्या की मोठं, फरक तेवढाच. पिकअपच्या टायरचा घेर जवळपास तेवढाच असतो, म्हणजे एका वळणात एक अख्खा फेरा. लॉक असला की तो फेरा कुणालातरी घसरूनच भरावा लागतो. दोन्ही मागची चाकं सरळच जायचा हट्ट धरतात आणि पुढच्यांना ढकलतात, तुम्ही स्टेअरिंग फिरवलंय आणि गाडी सरळ चाललीय. मग माणूस घाबरून पाय काढतो, आणि मगाशी उतारावर सांगितलं तेच होतं. आधी पुढची बाजू सुटते मग मागची, दोन सेकंदांत दोन वेगवेगळे अपघात.

प्रश्न: हौद्यात वाळूची पोती टाका असं सगळे सांगतात. किती आणि कुठे?

उत्तर: मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा बोटभर पुढे, फाळक्याजवळ नाही. फाळक्याला टाकलीत तर ती तरफेसारखी पुढची बाजू उचलतात आणि स्टेअरिंगच हलकं होतं. शंभर-दीडशे किलोनेसुद्धा रिकाम्या गाडीत फरक जाणवतो. बांधून ठेवा, धडक बसली तर पोतं केबिनमध्ये येतं. आणि वाळूच घ्या, दगड-लोखंड नको, अडकलात की तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

प्रश्न: बजेट एकाच गोष्टीचं आहे. लॉकर बसवू का टायर बदलू? सध्या मड टायर आहेत, दिसायला एकदम दणकट.

उत्तर: टायर. यावर विचारसुद्धा करू नका. लॉकर आहे ती पकड गोळा करतो, नवीन पकड आणत नाही, आणि निघण्यापुरताच कामाचा. टायर निघताना, वळताना आणि थांबताना, तिन्ही वेळा कामाला येतं. तुमच्या मड टायरचे मोठे ठोकळे खोल भुसभुशीत बर्फात ओरबाडतात छान, पण दाबलेल्या बर्फावर आणि काचेवर त्यांना बारीक चिरा नसल्याने धरायला काठच मिळत नाहीत. हिवाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खालीही मऊ राहतं, आणि त्या चिरांमध्ये बर्फ अडकतो तो फायद्याचाच, बर्फाला बर्फ चिकटतो. घेताना बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा आपला दावा, डोंगराच्या चिन्हामागे बर्फावरची चाचणी असते. चारही घ्या, दोनच घ्यायची काटकसर नको. आणि हवा तपासत जा, तापमान साडेपाच अंश उतरलं की जवळपास १ पीएसआय कमी होते.

प्रश्न: लॉक लावला, दोन्ही चाकं फिरतायत तरी गाडी हलत नाही. मग काय?

उत्तर: मग पाय काढा आणि खाली उतरून वाकून बघा. बहुतेक वेळा गाडी पोटावर किंवा डिफरन्शियलच्या गोळ्यावर बसलेली असते, चाकांवर वजनच नाही तर लॉक काय करणार. अजून फिरवलीत तर खालचा बर्फ वितळून गुळगुळीत होतो आणि तुम्ही आपल्याच हाताने काच तयार करता.

पण सगळ्यात आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, इंजिन चालू ठेवणार असाल तर हे पहिलं काम. ते बर्फात बुजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो, त्याला वास नाही, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. बर्फ पडतच असेल तर परत परत उतरून बघायचं.

मग फावड्याने पोटाखालचा आणि चारही चाकांपुढचा-मागचा बर्फ काढा, ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच मागे जायचा प्रयत्न करा, ती दाबलेली असते. पुढची चाकं सरळ. खोल बर्फ असेल तर टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, पसरतं आणि वर तरंगतं, फक्त पंप बरोबर हवा, तशा हवेवर रस्त्यावर पळवायचं नाही. ट्रॅक्शन कंट्रोल इथे थोडा वेळ बंद केलेलं बरं, ते ताकद कापून टाकतं. पुढे-मागे झुलवून बघा, पण चार-पाच वेळाच, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स तापतो.

प्रश्न: बाहेर आल्यावर बटण बंद केलं तरी दिवा जात नाही.

उत्तर: दात आवळून बसलेत. थोडं रिव्हर्स घ्या, स्टेअरिंग जरा इकडेतिकडे करून सरळ पुढे हळू न्या, सुटेल. दिवा जाईपर्यंत स्पीड घेऊ नका, आणि वळण तर नाहीच.

प्रश्न: मागचा आहेच, आता पुढच्या एक्सललाही लॉकर बसवून घेतो म्हणजे बर्फाचं टेन्शनच नको. बरोबर ना?

उत्तर: पुढचा लॉक लागला की बर्फात स्टेअरिंग नावालाच उरतं, दोन्ही चाकं एकत्र सुटली की गाडी वळतच नाही. खडकांत रांगणाऱ्यांचं ते काम. तुम्ही त्याऐवजी टायरवर बांधायच्या चेन घ्या, एकच जोड असेल तर कुठल्या एक्सलला ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि कोरड्यात एकदा बसवायची प्रॅक्टिस करा, अंधारात गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा बसवणं म्हणजे शिक्षा आहे. वर एक चांगलं फावडं. लाकडी दांड्याचं बघा, लोखंडी दांडा त्या थंडीत ओल्या हाताला चिकटतो.